अपंग-मुक्ती : काहींचा लढा, सर्वांचा प्रश्न

– प्रतिनिधी

जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरविलेल्या भौतिकशास्त्राच्या परिषदेला उपस्थित राहून ते दिल्लीला गेले. तेथील ऐतिहासिक वास्तू पाहण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, आणि पुरातत्त्व खात्याची धावपळ उडाली. कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर, जंतरमंतर यांपैकी कोठेही चाकाच्या खुर्चीवरून जाण्याची सोय नव्हती. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला, आणि पायऱ्यांवर तात्पुरते लाकडी उतार बसविण्यात आले. हॉकिंग यांनी वास्तू पाहिल्या. देशोदेशीच्या वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली.

या घटनेत जगभर गाजलेल्या पाहुण्याच्या आदरातिथ्यापेक्षा अधिक काही दडलेले आहे. हॉकिंग यांचा आजार उतार बसविण्यापूर्वी जेवढा होता तेवढाच नंतरही होता. त्यांच्या शरीरात काही बदल झाला नाही. बदल झाला तो पायऱ्यांत. शतकानुशतकांच्या वास्तूंना धक्का न लावता जे काम एका पाहुण्यासाठी अल्पावधीत होऊ शकले, ते चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या दिल्लीकरांसाठी त्याआधी का झाले नव्हते, हा प्रश्न तेव्हा अपंग कार्यकर्त्यांनी विचारला. माणसाला अडवते ते त्याचे शरीर की त्याच्या समोरची पायरी? ज्या विचाराला आज ‘अपंग-मुक्ती’ म्हणून ओळखले जाते, त्याचे सार या एका प्रश्नात आहे.

या लेखात ‘अपंग’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ मधून ‘दिव्यांग’ या शब्दाचा आग्रह धरला आणि पाहता पाहता तो सरकारी कागदोपत्री रूढ झाला. मात्र चळवळीतील अनेकांनी त्याच वेळी आक्षेप घेतला. आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आम्हांला देवत्व नको, बसमध्ये चढता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते बिनतोड आहे.

दोष कोठे?

अपंगत्वाकडे पाहण्याच्या दोन जुन्या रीती आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. पहिली धर्माची : पूर्वजन्मीचे पाप, भोग, आणि म्हणून अपंगाला केलेले दान हे दात्याचे पुण्य. दुसरी वैद्यकाची : शरीरात बिघाड आहे, तो दुरुस्त करावा, दुरुस्त न झाल्यास त्या व्यक्तीला एखाद्या संस्थेत सांभाळावे. दोन्हींत एक समान सूत्र आहे. प्रश्न त्या व्यक्तीपाशी सुरू होतो आणि त्या व्यक्तीपाशीच संपतो. समाजाने फक्त कनवाळू असावे, त्याला स्वतःत काही बदल करण्याचे कारण नाही.

ही मांडणी उलटी केली ती अशाच एका संस्थेत राहणाऱ्या माणसाने. पॉल हंट हे इंग्लंडमधील ‘ल कोर्ट’ या अपंगगृहात राहत असत. तेथे झोपण्याउठण्याच्या वेळांपासून सर्व निर्णय व्यवस्थापन घेई. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी ‘द गार्डियन’ या दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहून अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी असे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. शारीरिक उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. उणीव शरीरात असते, पण अपंगत्व समाज लादतो, असे त्यांत ठामपणे मांडले होते. पाय नसणे ही उणीव. पाय नाहीत म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून घरात शब्दाला किंमत नाही, हे अपंगत्व. समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. महाडच्या चवदार तळ्यातील पाणी १९२७ पूर्वीही तेथेच होते. ते पिणाऱ्याच्या ओंजळीत काही दोष नव्हता. तुलना तंतोतंत नाही, हे खरे. जातीच्या अन्यायात शरीराला मुळात वेदना नसते, ती समाज देतो. अपंगत्वात वेदना, थकवा, आजाराची चढउतार हे सारे शरीराचेच असते आणि ते कोणत्याही उताराने जात नाही. ब्रिटनमधील जेनी मॉरिस यांच्यासारख्या अपंग स्त्रीवादी लेखिकांनी सामाजिक प्रारूपावर नेमकी हीच टीका केली. शरीराविषयी बोलायचेच नाही असे ठरवले, तर आमचा अर्धा अनुभव गिळावा लागतो, असा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच : जे बदलता येणे शक्य आहे, ते तरी समाजाने का बदलू नये?

पंचवीस दिवसांचा ठिय्या

हा विचार रस्त्यावर आणण्याचे श्रेय अमेरिकेतील बर्कली व सॅन फ्रान्सिस्को या जुळ्या परिसराला जाते. पोलिओमुळे मानेखालचे शरीर निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. श्वासोच्छ्वासाचे अवजड यंत्र वसतिगृहात मावेना म्हणून त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात जागा देण्यात आली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने त्यांना ‘नोकरीस अयोग्य’ ठरवून शिष्यवृत्ती नाकारण्याचा प्रयत्न केला होता. पुढे १९७५ मध्ये हेच रॉबर्ट्स त्याच खात्याचे प्रमुख झाले.

दरम्यान १९७३ मध्ये अमेरिकेत पुनर्वसन कायदा झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने अपंगांबाबत भेदभाव करू नये, असे त्याचे ५०४ वे कलम सांगत होते. कलम झाले, पण त्याची नियमावली काही निघेना. शाळा, रुग्णालये, विद्यापीठे यांना खर्चाची धास्ती होती आणि त्यांच्या दबावाखाली चार वर्षे कागद पुढे सरकला नाही. (आपल्याकडील वाचकाला यात नवे काहीच वाटणार नाही.) अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात सुमारे दीडशे अपंग व त्यांचे सहकारी शिरले आणि तेथेच बसून राहिले. सरकारने दूरध्वनी तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांशी संवाद सुरू ठेवला. अनेकांची औषधे, मदतनीस, विशेष गाद्या बाहेर राहिल्या होत्या. तरीही ठिय्या पंचवीस दिवसांवर टिकला. २८ एप्रिल रोजी केंद्रीय मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर स्वाक्षरी केली. आंदोलनाच्या नेत्या ज्युडी ह्यूमन यांना लहानपणी चाकाच्या खुर्चीमुळे शाळेने ‘आगीचा धोका’ म्हणून प्रवेश नाकारला होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या ठिय्याचे खरे महत्त्व त्याच्या स्वयंपाकघरात आहे. आत बसलेल्यांना रोजचे गरम जेवण पोहोचवले ते ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने. यंत्रकामगारांच्या संघटनेने आंदोलकांच्या प्रतिनिधींना राजधानीत ने-आण करण्यासाठी ट्रक भाड्याने घेतला. समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी संपर्कासाठी वॉकीटॉकी आत नेले. अपंगांचा प्रश्न हा अपंगांपुरता नाही, हे या मंडळींना भाषणांनी पटवून द्यावे लागले नाही. इमारतीच्या दारात अडवले जाणे म्हणजे काय, हे त्यांतील प्रत्येकाला आपापल्या परीने ठाऊक होते. या आंदोलनाने घातलेल्या पायावरच पुढे १९९० चा अमेरिकेतील व्यापक अपंग हक्क कायदा उभा राहिला.

उतारावरून कोण जाते?

बर्कलीत १९७० च्या दशकाच्या आरंभी पदपथांच्या कोपऱ्यांना उतार देण्यास सुरुवात झाली ती चाकाच्या खुर्च्यांसाठी. प्रत्यक्षात त्यावरून बाबागाड्या गेल्या, सामानाच्या ढकलगाड्या गेल्या, सुटकेसवाले प्रवासी गेले, गुडघे दुखणारे आजोबा गेले. हा अनुभव पुढे इतक्या ठिकाणी आला की नगररचनेच्या अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र नावच दिले. टंकलेखन यंत्राच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक इटलीतील पेलेग्रिनो तुर्री यांनी १८०८ च्या सुमारास एका अंध स्त्रीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून बनविला होता. जाड, मऊ मुठीची जी साले काढण्याची सुरी आज परदेशी बनावटीच्या भांड्यांच्या दुकानांत मिळते, ती १९९० मध्ये बाजारात आली. संधिवाताने बोटे आखडलेल्या पत्नीला साधी सुरी धरवत नाही, हे पाहून सॅम फार्बर या उद्योजकाने ती तयार करवून घेतली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील मजकूर ही कर्णबधिरांची मागणी. आज लोकलच्या गर्दीत आवाज बंद ठेवून भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहणारा प्रत्येक जण त्याच मागणीचा लाभार्थी आहे. हिंदी चित्रगीतांखाली हिंदीतच शब्द दाखविले तर जुजबी अक्षरओळख असलेल्यांचे वाचन सुधारते, हे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासूनच्या आपल्या कामातून दाखवून दिले आहे.

मुंबईकराला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते फलाटाचे. लोकल गाडीचा तळ आणि फलाट समपातळीत असावेत, ही चाकाच्या खुर्चीची पहिली गरज. वर्षानुवर्षे ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. गाडी व फलाट यांमधील पोकळीत धडधाकट प्रवासी पडू लागले, उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरले, तेव्हा २०१४ नंतर उपनगरी फलाटांची उंची वाढविण्याच्या कामाला वेग आला. अपंगांचे ऐकले असते तर कित्येक धडधाकट माणसांचे अवयव वाचले असते. अपंगांसाठीच्या डब्यातून कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रियाही प्रवास करतात, याचाही येथे विसर पडू नये.

बसचेही तसेच. आपल्याकडील जुनी शहर बस मुळात ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. त्यामुळे तिच्या पायऱ्या ट्रकच्या उंचीच्या, आणि नऊवारी नेसलेली आजी असो की दप्तर घेतलेला पहिलीतला मुलगा, प्रत्येकाने दांडी धरून स्वतःला वर ओढून घ्यायचे. खऱ्या अर्थाने सखल बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ४०० मिलिमीटरवर असतो. अशी बस थांब्यावर कमी वेळ थांबते, कारण लोक लवकर चढतात-उतरतात.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘अपंगांच्या सोयींचा सर्वांना फायदा होतो’ हा युक्तिवाद आकर्षक आहे, तितकाच निसरडाही. ब्रेल लिपीचा डोळसाला काय उपयोग? न्यायालयात खुणांच्या भाषेचा दुभाषी ठेवल्याने ऐकू येणाऱ्याचे काय साधते? काहीही नाही. बहुसंख्यांना लाभ होईल तेवढ्याच सोयी द्यायच्या, असे ठरले तर सर्वाधिक गरजू तेवढे मागे राहतील. प्रश्न सर्वांचा आहे तो लाभाच्या हिशेबापेक्षा खोल अर्थाने. ‘उपयोगी’ नसलेल्या माणसाला समाज काय किंमत देतो, यावर आपल्यापैकी प्रत्येकाचे म्हातारपण अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या दहा कोटींवर होती. अपंगत्व हा असा एकमेव ‘अल्पसंख्य समाज’ आहे, ज्यात कोणीही, कोणत्याही दिवशी दाखल होऊ शकतो.

दिल्लीतील धडपड

भारतातील अपंग हक्क चळवळीचा इतिहास जावेद आबिदी यांच्या नावाशिवाय लिहिता येणार नाही. जन्मतः पाठीच्या कण्याचा विकार असलेले आबिदी अमेरिकेत वृत्तपत्रविद्या शिकले आणि भारतात परतले. येथे शिकलेल्या, हुशार, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वृत्तपत्रे नोकरी देण्यास कचरतात, हा अनुभव त्यांनी घेतला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेल्यांच्या वेगवेगळ्या संघटनांना प्रथमच एका मागणीखाली एकत्र आणले. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग संसदेवर मोर्चा घेऊन गेले आणि समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग यांची हमी देणारा कायदा त्याच महिन्यात संमत झाला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो लागू झाला. सात प्रकारचे अपंगत्व आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा, हे त्याचे ठळक विशेष.

पुढचा लढा मोजणीचा. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता, १९९१ मध्ये तो गाळण्यात आला आणि २००१ साठीही तो गाळण्याचेच घाटत होते. ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी तरतूद कोण करणार? आंदोलन झाले आणि प्रश्न परत आला. त्यातून २.१९ कोटी हा आकडा निघाला. २०११ मध्ये तो २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के भरला. त्यांत महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार मात्र जगातील सुमारे १६ टक्के, म्हणजे दर सहा माणसांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. भारतीय इतके सुदृढ आहेत असे समजण्याचे कारण नाही. व्याख्येचा फरक आहेच. शिवाय दारात आलेल्या शिक्षकापुढे ‘घरात तसे कोणी नाही’ असे सांगणारी कुटुंबेही आहेत. मुलीच्या लग्नाचे काय, ही चिंता त्यामागे असते.

विमानतळांवर अरुंद चाकाच्या खुर्च्या आणि उचलयंत्रे असावीत यासाठी आबिदी यांनीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्याचा निकाल डिसेंबर १९९८ मध्ये लागला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रांवर उतार असावेत म्हणूनही त्यांच्याच गटाला न्यायालयात जावे लागले. ४ मार्च २०१८ रोजी आबिदी यांचे निधन झाले. त्याआधी नवा कायदा झालेला त्यांनी पाहिला.

हा नवा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या २००६ मधील कराराचे अपत्य होय. ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’ ही जगभरच्या अपंगांची घोषणा त्या कराराच्या चर्चेत सतत दुमदुमत होती. भारताने ३० मार्च २००७ रोजी करारावर स्वाक्षरी केली. त्याला अनुरूप अपंग व्यक्ती हक्क कायदा व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. पार्किन्सन, थॅलेसेमिया, आम्लहल्ल्याने विद्रूप झालेले चेहरे यांचा त्यांत समावेश झाला. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात घरोघरी वेदना देणारा सिकलसेलही आला. राखीव जागा चार टक्के झाल्या. पण खरा बदल व्याख्येत आहे. दीर्घकालीन उणीव ‘अडथळ्यांशी’ गाठ पडल्यामुळे समाजातील सहभागात आडकाठी आणते, असे हा कायदा म्हणतो. पॉल हंट यांनी अपंगगृहातून मांडलेला विचार भारताच्या राजपत्रात येऊन बसला.

एका निराधार मुलीचा निकाल

सर्वांत दुर्लक्षित धागा स्त्रियांचा आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच निघतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील एका शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यातील सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात येत असल्याचे उघड झाले. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण देण्यात आले. म्हणजे साबण, पाणी, कपडा आणि सांभाळणारी पुरेशी माणसे देण्याऐवजी अवयवच काढून टाकायचा. स्त्री संघटनांनी रान उठविले आणि शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. तोवर काही मुलींवर त्या झाल्या होत्या.

पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, याच प्रश्नाचे दुसरे रूप सर्वोच्च न्यायालयापुढे आले. चंदीगडमधील सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या सौम्य मतिमंद, अनाथ मुलीवर तेथेच बलात्कार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. मुलीला मात्र मूल हवे होते. ‘सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मूल होऊ द्यावे की न द्यावे हा स्त्रीचा निर्णय राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविताना याच निकालाचा आधार घेतला, आणि त्यानंतर गर्भपाताच्या हक्काविषयीच्या प्रकरणांतही तो उद्धृत होत आला आहे. भारतातील प्रत्येक स्त्रीला आपल्या शरीरावरील जो हक्क आज न्यायालयात सांगता येतो, त्याची एक पायाभरणी जिला कोणी विचारतही नव्हते अशा एका मुलीच्या नकाराने झालेली आहे.

भाषा, आश्रम आणि उतार

मराठी भाषेतही या प्रश्नाचे थर साचलेले आहेत. आंधळे दळते अन् कुत्रे पीठ खाते. आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ. सबब लंगडी, कारभार आंधळा, यंत्रणा पांगळी, सरकार बहिरे. आम्हां वृत्तपत्रवाल्यांचे मथळे तर या विशेषणांवाचून हलत नाहीत. म्हणी पुसून टाकाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण अकार्यक्षमतेसाठी शब्द हवा असला की हात थेट अपंगाच्या शरीराकडे जातो, हे लक्षात तरी यावे. चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणाविषयी जुलै २०२४ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांत स्पष्ट भेद केला.

महाराष्ट्राची परंपरा संस्थांची. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि कुष्ठरुग्णाच्या हाती भिक्षापात्राऐवजी काम दिले. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात स्थापन केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही तर अपंग व्यक्तीनेच नेतृत्व केलेली संस्था. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. या कामांचे मोल वादातीत आहे. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शहराबाहेर सुंदर वसाहत उभी राहिली म्हणून शहराची जबाबदारी संपत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यासह अनेक कायद्यांत कायम होते. ते काढले गेले २०१९ मध्ये. आनंदवन तेव्हा सत्तर वर्षांचे झाले होते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये अपंगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग सुरू केला.

आणि शहराचे काय? उताराचे गणित सोपे आहे. प्रमाण एकास बारा. पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार १८० सेंटिमीटर लांब हवा. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या दारांतील बहुतेक उतार याच्या निम्म्यानेही लांब नसतात. कारण ते चाकाच्या खुर्चीसाठी नसतातच, दुचाकी वर चढविण्यासाठी असतात. पदपथांवरील पिवळ्या खडबडीत लाद्यांची कथाही उद्बोधक आहे. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या शोधून काढल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसविल्या. लांब पट्ट्या म्हणजे ‘पुढे चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, धोका’; अंध माणसाने पायाच्या तळव्याने वाचायची ही लिपी आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी ही पिवळी वाट सरळ विजेच्या खांबापाशी किंवा टपरीखाली जाऊन संपते. शोभेची लादी म्हणून ती बसवली गेली, लिपी म्हणून नाही.

असे का होते याचे उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ च्या ‘राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार’ या निकालात सापडते. मूळ याचिका २००५ ची, एका दृष्टिहीन कार्यकर्त्याची. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे दाखवून दिले की, कायदा सुगम्यता सक्तीची करतो, पण त्याखालचा पंधरावा नियम केवळ मार्गदर्शक सूचना देतो. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील ही फट होती. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक किमान निकष ठरविण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी कायद्याने नियमावलीपासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती जून २०२२ मध्येच उलटून गेली होती.

पायऱ्या आता पडद्यावरही आल्या आहेत. बँक खाते उघडताना किंवा मोबाइलचे सिमकार्ड घेताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. आम्लहल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रियांना ते शक्य नाही. अंधांना चौकट कोठे आहे ते दिसत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवून ओळख पडताळणीची पद्धत बदलण्याचे वीस आदेश दिले. हात थरथरणाऱ्या आणि चौकटीत चेहरा न मावणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी बँकांच्या काउंटरवर हीच तक्रार किती वेळा केली असेल, याची नोंद कोठे नाही.

२००४ मध्ये ज्या मतदान केंद्रांच्या पायऱ्यांसाठी अपंगांना न्यायालयात जावे लागले होते, त्याच लोकसभेच्या २०२४ मधील निवडणुकीत देशभर घरबसल्या मतदानाची सोय प्रथमच देण्यात आली. किमान ४० टक्के अपंगत्व असलेले मतदार आणि ८५ वर्षांवरील सर्व मतदार तिला पात्र होते. दोघांसाठी अर्जाचा नमुना एकच होता, ‘१२-ड’.